आतल्या वाडग्यातला वाटाणा

१

बुधवारी सकाळी साडेदहाला मॉरीन गार्बटने सेंट एडबर्गा चर्चचं कुलूप काढलं, मेणबत्त्या पेटवल्या, दाराजवळच्या टेबलावरचे दोन लाकडी वाडगे पुसून ठेवले, आणि मग उत्तरेकडच्या बाकांच्या चौथ्या कप्प्याचं दार तिला अर्धवट उघडं दिसलं. ते लावायला ती गेली, तर आत एक म्हातारी बाई बसल्या जागी कलंडलेली होती. अंगात करडा कोट, हात एकमेकांच्या बाह्यांत खुपसलेले. मॉरीनने "अहो बाई" म्हणून दोनदा हाक मारली आणि मग हाताला हात लावला. हात भिंतीइतकाच गार होता.

पोलिसांना फोन केल्यावर तिने दुसरा फोन हेस्टर अ‍ॅपलयार्डला केला. हेस्टर दोन गल्ल्या पलीकडे राहायची. मिठाईचं दुकान आणि चष्म्यांचं दुकान यांच्यामधल्या कमानीतून ती पोलिसांच्या आधी आत पोचली.

यॉर्कमध्ये आयुष्य काढलेल्या कित्येकांना या कमानीमागे चर्च आहे हेच माहीत नव्हतं. वीज नाही, नळ नाही, शेगडी नाही. प्रत्येक बाकाभोवती छातीइतक्या उंच लाकडी भिंती आणि दार. पूर्वी घराण्याघराण्याचे असे कप्पे असत. माणूस आत बसला की बाहेरून दिसत नसे. चर्च उघडं ठेवायला पाचसहा निवृत्त माणसं पाळीपाळीने बसत. हेस्टर त्यांतली एक. छत्तीस वर्षं तिने पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली होती. आता दर मंगळवारी ती इथल्या भिंतींची ओल मोजून वहीत टिपून ठेवायची.

"काल सिरिलच होता ना बंद करायला?" तिने विचारलं.

"हो," मॉरीन म्हणाली. "आणि वाडगा रिकामा आहे, हेस्टर. मी आल्या आल्या पाहिलं. आतला वाडगा रिकामा आहे."

हेस्टरने वाडग्यात डोकावून पाहिलं. पाहुणा आत आला की डाव्या, म्हणजे आतल्या, वाडग्यात एक वाळका वाटाणा टाकायचा, तो गेला की तोच उचलून उजव्या वाडग्यात. डावा रिकामा झाला तरच कुलूप लावायचं. चाळीस वर्षांत हा नियम कधी चुकला नव्हता. वाडगा रिकामा म्हणजे चर्च रिकामं.

मग ही बाई आत आली कुठून?

२

तिचं नाव आयव्ही पिकर्सगिल. वय एकोणऐंशी, राहणार हल शहर, एकटी. नवरा मार्चमध्ये गेलेला. पर्समध्ये रेल्वेचं परतीचं तिकीट, एक सफरचंद, आणि छोट्या डबीत कानातली दोन यंत्रं. थंडीने मृत्यू, दुसरं काही नाही. अंगावर जखम नाही, काही चोरीला गेलेलं नाही.

सिरिल बूथरॉइडने पोलिसांना सांगितलं ते सरळ होतं. दुपारी पाच पाहुणे आले, पाच गेले. शेवटची एक बाई होती, करड्या कोटातली. तीन वाजून गेल्यावर निघाली, 'येते' सुद्धा म्हणाली नाही. त्यानंतर दाराशेजारच्या स्मृतिशिळेवरची शेवटची ओळ अंधाराने दिसेनाशी होईपर्यंत तो बसला, तीनदा मोठ्याने "बंद होतंय" म्हणून ओरडला, प्रत्येक कप्प्यावरून नजर टाकली आणि साडेतीनला कुलूप लावलं. बंद करायच्या त्या फेरीआधी खुर्ची त्याने एकदाही सोडली नव्हती. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणूस कारण नसताना उठत नाही, असंही त्याने हवालदाराला ऐकवलं.

पोलिसांनी त्यावरून जे अनुमान काढलं तेही सरळ होतं. सिरिलचा डोळा लागला असताना बाई आत शिरली, मोजली गेली नाही, कप्प्यात लपून बसली, कानातली यंत्रं काढून ठेवली आणि वाट पाहिली. नवरा गेलेली, एकटी, डिसेंबर. गुन्हा नाही. पुढच्या गुरुवारी मृत्यूची चौकशी होईल, त्यात तेवढंच नोंदवलं जाईल.

ते सगळं ऐकलं तरी हेस्टरच्या डोळ्यांपुढून प्रार्थनेला गुडघे टेकायच्या उशा हलेनात. पोलीस यायच्या आधी तिने त्या पाहिल्या होत्या. प्रत्येक कप्प्यात दोन उशा, आणि प्रत्येक कप्प्याचा पक्षी वेगळा. परिसरातल्या बायकांनी तीन हिवाळे बसून तो भरतकाम करून काढलेला. चौथ्या कप्प्याचा रॉबिन. पण आयव्हीच्या पायांखाली रॉबिनच्या दोन होत्या, मांडीवर घुबडाच्या दोन आणि पाठीशी टिटवीच्या दोन.

घुबड तिसऱ्या कप्प्याचं, टिटवी पाचव्याची. ज्याला गारठून मरायचं आहे तो अंधारात चाचपडत शेजारच्या कप्प्यांतून उशा गोळा करून आणत नाही.

३

शुक्रवारी आयव्हीची मुलगी आली. ग्वेन, पन्नाशीची, लीड्सला राहणारी. मॉरीनने तिला हेस्टरच्या घरचा पत्ता दिला, कारण अशी माणसं आली की मॉरीनला काय बोलावं सुचत नसे.

ग्वेनने चहा घेतला, पण कप नुसता हातात धरून बसली. आईचा रविवारी फोन आला होता. नाताळात येऊ का, म्हणून विचारत होती. ग्वेनने 'बघू' म्हटलं होतं. घरात जागा कमी, मुलं मोठी झालेली, शिवाय आई सतत टीव्हीचा आवाज वाढवते. बघू.

"पोलीस म्हणतात ती ठरवून आली," ती म्हणाली. "मला एवढंच कळायला हवं, बाई. तिने ठरवलं होतं का? माझ्या त्या 'बघू'वर?"

हेस्टरने परतीच्या तिकिटाचा विषय काढला. ग्वेनने मान हलवली. परतीचं तिकीट एकेरीपेक्षा दहाच पेन्सनी महाग असतं, जीव द्यायला निघालेला माणूससुद्धा सवयीने तेच काढेल.

"आणि कानातली यंत्रं?"

"ती तर ती प्रत्येक चर्चमध्ये काढायची." ग्वेनच्या तोंडावर पहिल्यांदाच हसू आलं आणि तसंच विरलं. "म्हणायची, देवाशी बोलायला मला मशीन लागत नाही, आणि पाद्र्याचं काही ऐकायचं नसतं. मग बसल्या बसल्या डुलकी काढायची."

हेस्टरने कप खाली ठेवला. म्हणजे सिरिलच्या तीन हाका आयव्हीपर्यंत पोचल्याच नव्हत्या. लपायचं काही कारण नव्हतं. ती झोपली होती.

पण मग ती आत आली तेव्हा मोजली का गेली नाही?

"तिच्या वस्तू परत दिल्यात त्यांनी," ग्वेन म्हणाली आणि पिशवी उघडली. "ही मात्र आईची नाही. तुमचीच असणार. तिच्या कोटाखाली सापडली."

तळहाताएवढी लाकडी पाटी, मूठ असलेली, दोन्ही बाजूंना चर्चची माहिती चिकटवलेली. आधीच्या कोणा पाहुण्याने विसरली असेल, असं पोलिसांना वाटलं होतं.

हेस्टरने पाटी उलटून पाहिली. या पाट्या सिरिलच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेल्या असत. त्याच्या हातून घेतल्याशिवाय त्या कोणाला मिळत नसत. एक हात पाटी पुढे करायचा, दुसरा वाटाणा टाकायचा. चाळीस वर्षांची सवय.

आयव्ही चोरून आली नव्हती. ती मोजली गेली होती. म्हणजे तिचा वाटाणा तिच्याशिवायच बाहेर गेला होता.

४

सिरिलच्या घरी हेस्टर संध्याकाळी गेली. रेल्वेच्या कारखान्यात त्याने जन्मभर डब्यांवर सोनेरी अक्षरं रंगवली होती. त्याच्याइतकी सरळ रेघ उत्तरेत कोणाची नाही, असं म्हणत. बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. आठवड्यातल्या तीन दुपारी चर्चमधली ती खुर्ची, बाकी काही नाही.

"ये पोरी," तो म्हणाला. सहासष्ट वर्षांच्या हेस्टरला पोरी म्हणणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. "मॉरीनने पाठवलं असेल. मी रडतोय का बघायला."

त्याने चहा ओतला. ओतताना कपाच्या काठावर आतून बोट धरलं होतं. चहा बोटाला लागला तसा थांबला.

हेस्टरने मंगळवारचं विचारलं. त्याने पोलिसांना सांगितलेलंच पुन्हा सांगितलं, शब्दही तेच. शिळेचं विचारलं, तेव्हा तो खुलला. दाराशेजारच्या भिंतीत एका हातमोजे शिवणाऱ्याच्या बायकोची शिळा होती. तिच्यावरची शेवटची ओळ खुर्चीवरून वाचता येईनाशी झाली की चर्च बंद करायचं, हिवाळ्यात घड्याळ बघायचं नाही, असा इथला रिवाज होता.

"'इथेच मी वाट पाहत आहे,'" सिरिल म्हणाला. "साडेतीनला ती ओळ गेली. तोपर्यंत स्वच्छ दिसत होती. चर्चच्या रोजनिशीत लिहिलंय मी."

रोजनिशी हेस्टरने सकाळीच पाहिली होती. ज्याच्या रेघेची शपथ घ्यावी त्या माणसाचं अक्षर ओळीवरून उतरून खालच्या ओळीत शिरलं होतं.

घरी येताना तिने मॉरीनला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला. नाताळची हॉलीच्या पानांची माळ शिळेवर कधी लावली?

"रविवारी. का गं? शेवटची ओळ झाकली जाते, ठाऊक आहे मला. मी हल्ली वरच्या ओळीवरून बंद करते. सिरिलने नाही सांगितलं?"

सिरिल मंगळवारी जी ओळ वाचत होता ती दोन दिवसांपासून पानांमागे होती.

हेस्टर रस्त्याच्या कडेला थांबली. सिरिलला दिसत नव्हतं. म्हणजे करड्या कोटातली ती शेवटची बाई त्याने पाहिली नव्हती. दारातल्या उजेडात एक करडा आकार हललेला पाहिला होता. कोणीतरी आयव्हीच्या वाटाण्यावर बाहेर गेलं होतं. कोणीतरी, जे आत येताना मोजलं गेलं नव्हतं.

घरी आल्यावर तिने कोट काढून खुंटीला लावला, आणि मग हात मागे न घेता तशीच उभी राहिली. कोट करडा होता.

५

वही तिने दिव्याखाली उघडली. मंगळवार. वेळ तीन वाजून पाच. तापमान पाच अंश. आर्द्रता एक्क्याण्णव टक्के. माणसं: शून्य.

माणसांची संख्या ती नेहमी लिहायची, कारण श्वासाने ओल वाढते. एका माणसाच्या श्वासाने एवढ्या मोठ्या जागेत यंत्राचा आकडा हलणार नाही हेही तिला माहीत होतं. पण नोंद म्हणजे नोंद.

तिला सगळं आठवलं. आत शिरताना ती "हेस्टर आले हं" म्हणाली होती. सेवेकऱ्यांचा वाटाणा टाकत नाहीत. डाव्या वाडग्यात एक वाटाणा होता, हे तिने पाहिलं होतं. तिने चर्चभर नजर फिरवली, कप्प्यांच्या भिंतींच्या वर एकही डोकं दिसलं नाही, आणि तिने मनात म्हटलं, सिरिल एक उचलायचा विसरला. मग शून्य लिहिलं. निघताना सिरिलचे डोळे मिटलेले वाटले, म्हणून त्याची झोप मोडू नये असं समजून ती पाय न वाजवता त्याच्या समोरून गेली.

आणि तो म्हणाला होता, "सावकाश हं, बाई. पायरी निसरडी आहे."

हे तो प्रत्येक पाहुण्याला म्हणायचा. तिला वाटलं, झोपेचं सोंग घेऊन तो तिची थट्टा करतोय. ती हसली होती. मागे वाडग्यात काहीतरी टक्कन वाजलं, तेही तिने ऐकलं होतं.

अनुमान बरोबर आहे असं वाटणं वेगळं आणि ते ताडून पाहणं वेगळं. तिने लीड्सला फोन लावला.

६

सेवेकऱ्यांच्या समितीने शनिवारी चर्च पुन्हा उघडलं होतं. नाताळचे पाहुणे यायचे होते, आणि सिरिलने आपली पाळी सोडायला नकार दिला होता.

पावणेतीनला ग्वेन एकटी आत गेली. सिरिलने तिला पाटी दिली, वाटाणा टाकला. ती चौथ्या कप्प्यात जाऊन आई बसली होती तिथे बसली. हेस्टरने तिला सांगितलं होतं, हाक आली तरी बोलायचं नाही, कुलूप लागलं तरी घाबरायचं नाही, मी बाहेरच आहे. कशासाठी ते सांगितलं नव्हतं. ग्वेननेही विचारलं नव्हतं.

तीनला हेस्टर आली. "हेस्टर आले हं," ती म्हणाली.

"ओल मोजायला? आज शनिवार आहे, पोरी."

"राहिली होती मोजायची."

तिने यंत्र बाहेर काढलं, भिंतीला लावलं, काहीच लिहिलं नाही. मग करडा कोट सारखा केला आणि सिरिलच्या समोरून, हातभर अंतरावरून, न बोलता दाराकडे निघाली. त्याचे डोळे उघडे होते. ते तिच्याकडे वळले आणि तिच्या खांद्याच्या बाजूला कुठेतरी थांबले.

आपलं चुकलं असावं, अशी प्रार्थना तिने आयुष्यात पहिल्यांदाच केली.

"सावकाश हं, बाई," सिरिल आदबीने म्हणाला. "पायरी निसरडी आहे." त्याची बोटं डाव्या वाडग्यात चाचपडली, तिथला एकुलता वाटाणा त्यांना सापडला, आणि उजव्या वाडग्यात टक्कन वाजलं.

हेस्टर बाहेर थडग्यांजवळ उभी राहिली. आतून तीन हाका आल्या. मग सिरिलची पावलं, कप्प्याकप्प्यापाशी थांबत. आज तो दोनदा फिरला. चौथ्या कप्प्यापाशीही तो दोनदा थांबला. मग दार ओढलं गेलं आणि किल्ली फिरली.

"सिरिल," ती म्हणाली.

तो दचकला. "तू गेली नव्हतीस अजून?"

"आत कोणी आहे?"

"वाडगा रिकामा आहे. एकच बाई आली होती, ती गेली. गेली तेव्हा मी पाहिलं." त्याचा आवाज किंचित चढला. "आज मी दोनदा बघितलंय, हेस्टर. दोनदा."

तेवढ्यात आतून दार वाजलं. जोरात नाही, पाहुणा वाजवतो तसं, तीनदा.

सिरिलच्या हातातली किल्ली पडली नाही. ती त्याने घट्ट धरली, आणि दुसऱ्या हाताने भिंत शोधली.

७

पुढचं सगळं त्या पायरीवरच बोललं गेलं, कारण सिरिल तिथेच खाली बसला होता. दोन वर्षांपासून त्याला समोरचं दिसत नव्हतं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की यावर इलाज नाही. त्याने कोणाला सांगितलं नाही. शिळा पाठ होती. वाटाणे बोटांना कळत. माणसं आवाजावरून. उरलं काय?

"आता जी बाई गेली असं तुम्हाला वाटलं, ती मी होते," हेस्टर म्हणाली. "मंगळवारीही मीच गेले होते. तुम्ही त्या बाईंचा वाटाणा मला दिलात."

सिरिलने मान वर केली. "तू का नाही बोललीस?" तो म्हणाला. रागाने नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. "एक शब्द बोलली असतीस, पोरी. तुझा आवाज मी कुठेही ओळखतो."

हेस्टर दाराकडे वळली.

ग्वेन उघडलेल्या दारात उभी होती, एका हातात टिटवीची उशी. हेस्टरने तिला उशांचं सांगितलं. आयव्हीने लपायचं ठरवलं नव्हतं. तिला डुलकी लागली, अंधारात जाग आली, आणि मग जगायला जे जे करता येईल ते तिने केलं. काडेपेटी सिरिल घरी नेतो. घंटेचा दोर पाहुण्यांनी ओढू नये म्हणून उंच बांधून ठेवतात. दार चार बोटं जाड ओकचं आहे.

"तिने हाका मारल्या असतील," ग्वेन म्हणाली.

"हो."

"किती वेळ?"

"मला माहीत नाही."

"तुम्ही अंदाज करू शकाल. तुम्हाला आकड्यातलं कळतं."

हेस्टरला अंदाज करता येत होता. तिने केला नाही.

ग्वेन उशीवरचा पक्षी अंगठ्याने चोळत राहिली. "तिने ठरवलं नव्हतं," ती अखेर म्हणाली. "हेच ऐकायला आले होते मी. पोलीस म्हणाले तेव्हा वाटलं होतं, निदान तिला हवं तसं झालं. आता तेही नाही." उशी तिने सिरिलच्या शेजारी पायरीवर ठेवली आणि थडग्यांमधून कमानीकडे गेली. आभार तिने मानले नाहीत.

गुरुवारच्या चौकशीत सिरिल पहिला बोलला. विचारलं त्यापेक्षा जास्त सांगितलं, आणि किल्ली टेबलावर ठेवली, जरी ती कोणी मागितली नव्हती. समितीने सोमवारीच चर्च बंद केलं होतं. पुन्हा उघडेल असं कोणी म्हणत नव्हतं. बसणारी माणसं आता चारच उरली होती, आणि मॉरीनने कळवलं होतं की तिच्याने त्या कप्प्यासमोरून जाववत नाही.

मग हेस्टरला बोलावलं. तिने वही पुढे केली. अधिकाऱ्याने मंगळवारची नोंद वाचायला सांगितली. तिने वेळ वाचली, तापमान वाचलं, आर्द्रता वाचली.

"माणसं: शून्य," ती म्हणाली आणि थांबली. "ही नोंद चूक आहे. दुरुस्त करायची परवानगी हवी."

मिळाली. छत्तीस वर्षांत तिने एकही आकडा कधी गिरवला किंवा पुसला नव्हता. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे, असं ती नव्या मुलींना शिकवायची. तिने शून्यावर एक रेघ मारली. शेजारी 'एक' लिहिलं. त्यापुढे आजची तारीख घातली आणि सही केली.